सांधा, कान आणि पुरावा : वनजिल्ह्यांसाठी रुग्णाधारित संशोधनाची ओळख

माणसाचा जीव लगेच घेत नाहीत, पण त्याचे हातपाय, त्याचा संवाद आणि त्याचे घरातले स्थान वर्षानुवर्षे पोखरत राहतात, अशा आजारांकडे आरोग्यव्यवस्थेचे लक्ष नेहमीच उशिरा गेले आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटल्यामुळे होणारा दीर्घकालीन संधिवात, आणि श्रवणदोष, म्हणजे ऐकण्याची क्षमता अंशतः किंवा पूर्णतः कमी होणे, हे असे दोन आजार होत. पहिल्याचा अभ्यास रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत होतो आणि दुसऱ्याचा ध्वनिरोधक खोलीत. दोन्हींकडच्या तज्ज्ञांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते. तरीही प्रस्तुत ग्रंथात हे दोन विषय शेजारी ठेवले आहेत आणि त्यांचा विचार चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. या निवडीमागे ठोस कारण आहे. रक्तातील पेशींची मोजदाद असो वा कानाची चाचणी असो, दोन्ही ठिकाणी हाती येणाऱ्या आकड्याला अर्थ येतो तो ‘निरोगी माणसाचा आकडा किती’ हे आधी ठरलेले असते म्हणून. आणि हा निरोगी माणूस कोणत्या देशातला, कोणत्या हवेत राहणारा, कोणते संसर्ग पचवलेला आणि कोणती भाषा बोलणारा मानायचा, हा प्रश्न या जिल्ह्यांत टाळता येत नाही. या प्रश्नाची तयारी वाचकाला करून देणे हे या प्रस्तावनेचे काम आहे.

रुग्णाधारित संशोधन आणि गडचिरोलीची परंपरा

रुग्णाधारित संशोधन म्हणजे प्राण्यांवर किंवा काचनळीत नव्हे, तर प्रत्यक्ष माणसांमध्ये, त्यांच्या संमतीने आणि पूर्वनियोजित पद्धतीने आजाराचे स्वरूप, निदान व उपचार यांचा केलेला अभ्यास. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. निरीक्षणात्मक अभ्यासात संशोधक कोणताही उपचार न देता आजार कोणाला, किती व कशामुळे होतो हे पाहतो; हस्तक्षेपात्मक अभ्यासात एका गटाला नवा उपचार आणि दुसऱ्या गटाला प्रचलित उपचार देऊन दोहोंची तुलना केली जाते. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे योगायोगाने ठरवले, तर त्या अभ्यासाला यादृच्छिक नियंत्रित चाचणी म्हणतात, आणि आधुनिक वैद्यकात पुराव्याची ही सर्वांत भक्कम पद्धत समजली जाते.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने फुप्फुसाच्या क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची जी चाचणी घेतली आणि १९४८ मध्ये जिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तिला या पद्धतीचा आरंभ मानले जाते. त्या चाचणीने औषध गुणकारी असल्याचे दाखवले, त्याचबरोबर ते कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला बाधते हेही नोंदवले. औषधाचा लाभ आणि त्याची इजा एकाच वहीत लिहिण्याची ही शिस्त पुढे सर्व संशोधनाचा पाया ठरली. त्यानंतर १९५० च्या दशकात मद्रास येथे क्षयरुग्णांवर घरी केलेला उपचार आणि आरोग्यधामात ठेवून केलेला उपचार यांची तुलना झाली व घरचा उपचार कमी पडत नाही असे सिद्ध झाले. रुग्णालयाच्या भिंतींबाहेरही काटेकोर संशोधन करता येते याचा हा भारतीय वस्तुपाठ होता.

या परंपरेतील पुढचा महत्त्वाचा टप्पा गडचिरोलीत घडला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेच्या माध्यमातून काम सुरू केले. ग्रामीण स्त्रियांमधील स्त्रीरोगांचे प्रमाण दाखवणारा त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये आणि बालकांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार करून मृत्यू कमी करता येतात हे दाखवणारा अभ्यास १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. पुढे ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी देऊन आणि ४७ गावांशी तुलना करून केलेल्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. १९९९ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशाच्या धोरणाचा भाग बनली. याच काळात न्यूमोनियाच्या निदानासाठी बाळाचे श्वास मोजण्याचे एक साधन तयार करण्यात आले, जे आकडे लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईलाही वापरता येत असे. प्रस्तुत ग्रंथाच्या दृष्टीने मृत्युदराच्या आकड्याइतकेच ते छोटे साधनही मोलाचे आहे, कारण मोजमाप माणसाला साजेसे करून घेतले तर दुर्गम गावातही शास्त्रशुद्ध निदान होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले.

प्रतिकारक पेशी आणि सांधा : विचारांचे प्रवाह

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये बहुधा दोन्ही हातांच्या बोटांचे व मनगटांचे लहान सांधे एकाच वेळी सुजतात, सकाळी उठल्यावर ते तासभर किंवा त्याहून अधिक वेळ आखडलेले राहतात, आणि उपचार न झाल्यास कूर्चा व हाड झिजून बोटे वाकडी होतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार दोन ते तीन पटींनी अधिक आढळतो. वयोमानाने गुडघे झिजण्याशी किंवा श्रमाच्या दुखण्याशी त्याची गल्लत होते आणि गावात सर्वांनाच ‘वात’ म्हटले जाते, त्यामुळे उपचाराने सांधा वाचवता येईल अशी पहिली काही महिन्यांची संधी निसटते. आल्फ्रेड गॅरॉड या इंग्रज वैद्याने १८५९ मध्ये या आजाराला त्याचे आजचे नाव दिले, परंतु त्याचा प्रतिकारशक्तीशी असलेला संबंध उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले.

या उलगड्यात एकामागून एक विचारप्रवाह आले आणि प्रत्येकाने आजाराच्या केंद्रस्थानी वेगळी पेशी ठेवली. पहिला प्रवाह प्रतिपिंडांचा होता. प्रतिपिंडे म्हणजे शरीरात शिरलेल्या परक्या घटकांना चिकटून त्यांना निकामी करण्यासाठी बी पेशींनी तयार केलेली प्रथिने. नॉर्वेच्या एरिक वालर यांना १९४० मध्ये आणि अमेरिकेत रोझ यांना १९४८ मध्ये या रुग्णांच्या रक्तात असे एक प्रतिपिंड आढळले, जे शरीराच्याच प्रतिपिंडांना चिकटते. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर किंवा आरएफ ही आजची सर्वपरिचित तपासणी त्यातून आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डच संशोधकांनी अँटी-सीसीपी ही अधिक नेमकी तपासणी विकसित केली. शरीरातील प्रथिनांमध्ये रासायनिक बदल होऊन सिट्रुलिन हे अमिनो आम्ल तयार झाले, की काही व्यक्तींची प्रतिकारशक्ती त्या प्रथिनांना परके समजू लागते, आणि या तपासणीत सापडणारी त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात असू शकतात.

दुसरा प्रवाह टी पेशींचा. थायमस ग्रंथीत घडणाऱ्या या पेशी इतर पेशींना आदेश देतात. १९७० च्या दशकात पीटर स्टास्टनी यांनी एचएलए-डीआर४ ही जनुकीय खूण या रुग्णांमध्ये अधिक आढळते हे दाखवले, आणि ही खूण टी पेशींपुढे प्रथिनांचे तुकडे मांडणाऱ्या रेणूची असल्याने आजाराचे मूळ टी पेशींत असावे असा तर्क बळावला. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींचा शोध शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये लावला. त्या कार्यासाठी त्यांना मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, यावरून या शाखेची आजची प्रतिष्ठा ध्यानात येते.

तिसरा प्रवाह पेशींपेक्षा त्यांच्या निरोपांकडे वळला. पेशी एकमेकींना सायटोकाइन नावाच्या प्रथिनांद्वारे संदेश देतात, आणि सुजलेल्या सांध्यात टीएनएफ हा संदेश इतरांना चिथावणारा मुख्य दुवा आहे असे लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमधील मार्क फेल्डमन व रविंदर मैनी यांनी दाखवले. १९९२ मध्ये त्यांनी टीएनएफ रोखणारे प्रतिपिंड रुग्णांना देऊन पाहिले आणि या आजाराच्या उपचारात नवे युग सुरू झाले. पुढे बी पेशी कमी करणारे रिटुक्सिमॅब, टी पेशींना उद्दीपन मिळू न देणारे अबाटासेप्ट आणि इंटरल्युकिन-६ हा संदेश अडवणारे टोसिलिझुमॅब अशी औषधे आली. प्रत्येक औषध एका अर्थी त्याच्या प्रवाहाची परीक्षा होती. आणि निरनिराळ्या वाटा अडवूनही अनेक रुग्णांना गुण येतो, मात्र एकाच औषधाने सर्वांना येत नाही, या अनुभवातून आजचा चौथा प्रवाह जन्मला. सांध्याच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून त्यातील एकेका पेशीची जनुकीय कार्यवाही स्वतंत्रपणे वाचण्याचे तंत्र २०१९ पासून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी-ब्रिटिश अभ्यासांत वापरले गेले, आणि एकाच नावाखाली येणाऱ्या रुग्णांच्या सांध्यांत पेशींची वेगवेगळी मिश्रणे असतात हे समोर आले. हे सर्व मान्य करूनही नवख्या वाचकाने एक गोष्ट ध्यानी ठेवावी, की आठवड्यातून एकदा घेण्याचे मेथोट्रेक्सेट हे जुने व तुलनेने स्वस्त औषधच आजही उपचाराचा कणा आहे, आणि वेळेवर निदान झाले तर ते जिल्हा पातळीवरही देता येते.

श्रवणचाचणीची घडण

कानावर पडलेला ध्वनी पडदा व तीन लहान हाडांमार्फत आतील कानात पोहोचतो. तिथे गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या कॉक्लिआ या पोकळीतील सूक्ष्म केसपेशी त्याचे विद्युत संदेशात रूपांतर करतात, आणि श्रवणचेता तो मेंदूकडे नेते. माणसाच्या या केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतील कानात, हे ठरवणे हाच श्रवणचाचणीचा मूळ हेतू राहिला आहे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात वेबर आणि रिने यांनी सुचवलेल्या, नादकाटा वाजवून करायच्या साध्या चाचण्या आजही प्राथमिक आरोग्य केंद्रात उपयोगी पडतात.

यापुढच्या विकासात दोन पंथ दिसतात. पहिला पंथ रुग्णाच्या सांगण्यावर विसंबतो. १९२० च्या दशकात विद्युत ऑडिओमीटर आला आणि २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंतच्या निरनिराळ्या पट्टीचे शुद्ध स्वर कमी-जास्त तीव्रतेने ऐकवून, जो सर्वांत हळू आवाज माणसाला ऐकू येतो त्याची नोंद आलेखावर करण्याची पद्धत रूढ झाली. ही तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात, आणि या मापात दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट वाढते. इथे एक मर्म आहे. ऑडिओमीटरवरील शून्य म्हणजे संपूर्ण शांतता नव्हे. निरोगी तरुण माणसांना ऐकू येणाऱ्या सर्वांत हळू आवाजाच्या सरासरीवरून ते शून्य आंतरराष्ट्रीय संमतीने निश्चित केलेले आहे. या पंथातील दुसरी चाचणी म्हणजे बोललेले शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावणे. दैनंदिन ऐकण्याचा अंदाज तिच्यातूनच येतो, पण ती ऐकणाऱ्याच्या भाषेत असावी लागते.

दुसरा पंथ रुग्णाच्या उत्तराची वाट पाहत नाही. आवाज ऐकवल्यावर मेंदूच्या बुंध्यात उमटणाऱ्या विद्युतलहरींचे मानवातील वर्णन डॉन ज्युएट यांनी १९७० च्या सुमारास केले, आणि निरोगी कॉक्लिआ स्वतःही अतिशय मंद प्रतिध्वनी बाहेर टाकते हे डेव्हिड केम्प यांनी लंडनमध्ये १९७८ मध्ये दाखवले. या दोन शोधांमुळे बोलू न शकणाऱ्या नवजात बाळाचीही श्रवणचाचणी शक्य झाली. बाळाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत सुरू व्हावेत, कारण भाषा शिकण्याची वेळ थांबून राहत नाही, हे सूत्र आता जगभर मान्य आहे. भारतात मैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ मध्ये आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली, तर बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून निवडक जिल्ह्यांत सुरू होऊन विस्तारला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी पुनर्वसनाची गरज आहे.

वनजिल्ह्यांत दोन विषयांची गाठ

आतापर्यंत समांतर वाटलेल्या या दोन विषयांना चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूमीवर एकत्र आणणारा पहिला धागा क्षयरोगाचा आहे. सांध्याची सूज रोखणारी टीएनएफविरोधी औषधे शरीरात दबून राहिलेल्या क्षयजंतूंनाही मोकळे सोडतात, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले, कारण टीएनएफ हाच संदेश त्या जंतूंना कोंडून ठेवणारी भिंत उभी ठेवतो. उलट, क्षयरोगाच्या उपचारातील स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने आतील कानाच्या केसपेशींना कायमची इजा करू शकतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात कॅनामायसिन व कॅप्रिओमायसिन वापरू नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आणि तोंडाने घ्यायच्या औषधांवर भर दिला, त्यामागे हे एक मोठे कारण होते. ज्या जिल्ह्यात क्षयरोग आहे तिथे संधिवाताचा तज्ज्ञ छातीची तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही, आणि छातीचा तज्ज्ञ कानाची चाचणी विसरू शकत नाही.

दुसरा धागा कुष्ठरोगाचा. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीमुळे चंद्रपूरचे नाव या आजाराच्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. एकाच जंतूमुळे होणारा हा आजार माणसाच्या टी पेशी कसा प्रतिसाद देतात त्यानुसार वेगवेगळी रूपे घेतो, हे रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणातून स्पष्ट होते, त्यामुळे रोगप्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकासाठी तो एक पाठ्यग्रंथच आहे. कुष्ठरोगाच्या प्रतिक्रियांमध्ये सांधे सुजतात आणि रक्तात आरएफही सापडू शकतो. देशाने २००५ अखेर दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे लक्ष्य गाठल्याचे जाहीर केले असले, तरी ज्या थोड्या जिल्ह्यांत हा आजार रेंगाळला त्यांत चंद्रपूर व गडचिरोली आहेत. तेव्हा येथील सुजलेल्या बोटांच्या रुग्णाची त्वचा व चेता तपासल्याशिवाय केवळ आरएफच्या अहवालावर संधिवाताचा शिक्का मारणे घातक ठरेल.

तिसरा धागा सिकलसेलचा. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील सिकलसेल गुणधर्माची नोंद ‘द लॅन्सेट’मध्ये केली, आणि विदर्भातील हा आजार वैद्यकीय नकाशावर आला. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. त्यामुळे हाडे व सांधे असह्य दुखतात, लहान मुलांचे हात-पाय सुजतात, आणि आतील कानाचा रक्तपुरवठा खंडित होऊन श्रवणदोषही येऊ शकतो. मुंबईच्या राष्ट्रीय रक्तप्रतिकारशास्त्र संस्थेशी जोडलेले हिमोग्लोबिनच्या आजारांचे संशोधन केंद्र भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने चंद्रपुरात उभारले आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. रक्ताची ही तपासणी जिथे होते, तिथेच सांध्यांची व कानांची नोंदही व्हावी, ही मागणी अवाजवी नाही.

या तिन्हींना मलेरिया, चिकुनगुनिया आणि खाणी-कारखान्यांचा आवाज जोडले पाहिजेत. महाराष्ट्रातील मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे, आणि त्यावरील क्विनाइनमुळे कानात आवाज येणे व तात्पुरते ऐकू न येणे ही जुनी नोंदलेली लक्षणे आहेत. याच कुळातील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे संधिवातावर सर्रास वापरले जाते. २००६ च्या साथीपासून महाराष्ट्राला परिचित झालेला चिकुनगुनिया महिनोन्‌महिने सांधे धरून ठेवतो आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे हुबेहूब सोंग घेतो. चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यातील कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने, कागद गिरणी आणि २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र येथील कामगारांना आवाजामुळे येणाऱ्या श्रवणदोषाचा धोका आहे. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानली जाते, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. या दोषाची पहिली खूण ४,००० हर्ट्झच्या आसपास आलेखात पडणाऱ्या खाचेने दिसते, आणि कायद्याने तो सूचना देण्यास बंधनकारक असा व्यावसायिक आजार आहे.

निरोगी माणूस कोण

इथे प्रस्तावनेच्या आरंभीचा प्रश्न त्याच्या पूर्ण रूपात उभा राहतो. एक गणित मांडून पाहू. समजा, संधिवाताच्या १०० रुग्णांपैकी ७० जणांत आरएफ सापडतो, आणि संधिवात नसलेल्या पण इतर संसर्ग भोगलेल्या १०० माणसांपैकी १५ जणांतही तो सापडतो. दर दोनशे प्रौढांत एक रुग्ण असेल तर १०,००० प्रौढांत ५० रुग्ण असतील. सरसकट सर्वांची तपासणी केली तर ३५ खरे रुग्ण हाती लागतील आणि सुमारे १,४९० निरोगी माणसांवर आजाराचा ठपका येईल, म्हणजे आरएफ सापडलेल्या शंभरांपैकी जेमतेम दोन-तीन जण खरे रुग्ण ठरतील. मोठ्या शहरातील संधिवात-चिकित्सालयात, जिथे येणारा प्रत्येक जण सांधे सुजूनच आलेला असतो, तीच तपासणी कितीतरी अधिक विश्वासार्ह ठरते. तपासणीची किंमत यंत्रात नसते, ती कोणावर वापरली यावर ठरते.

पेशी मोजण्याच्या तंत्रालाही हाच नियम लागू आहे. फ्लो सायटोमेट्री या पद्धतीत रक्तातील पेशींना चकाकणारे रंग जोडलेली प्रतिपिंडे चिकटवतात आणि एकेक पेशी लेझरच्या झोतातून पुढे सोडून टी, बी व इतर पेशींचे प्रमाण काढतात. त्यातील ‘सामान्य’ प्रमाण ज्या लोकसमूहांवरून ठरले, त्यांच्या पोटात जंत, रक्तात मलेरिया आणि फुप्फुसात दबलेला क्षयजंतू असतोच असे नाही. गडचिरोलीतील एटापल्ली वा भामरागडच्या प्रौढाच्या पेशींची संख्या त्या मापाला लावून वाचली तर आजार नसताना आजार दिसेल, अथवा असलेला झाकला जाईल. शिवाय बरेच नमुने काही तासांतच प्रयोगशाळेत पोहोचवावे लागतात, आणि पर्लकोटा नदीच्या पुराने पावसाळ्यात भामरागडचा रस्ता तुटतो तेव्हा हे वेळापत्रक कागदावरच राहते.

कामाची क्षमता मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचेही असेच आहे. संधिवाताच्या संशोधनात सर्वदूर वापरली जाणारी हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर ही प्रश्नावली स्टॅनफर्ड येथे तयार होऊन १९८० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात गाडीचे दार उघडता येते का, नळ फिरवता येतो का असे प्रश्न आहेत. पहाटे मोहफुले वेचणाऱ्या, उन्हाळ्यात तेंदूच्या पानांचे पुडे बांधणाऱ्या आणि पावसाळ्यात धानाची रोवणी करणाऱ्या स्त्रीच्या बोटांची स्थिती त्या प्रश्नांतून कळणार नाही. सकाळी आखडणाऱ्या बोटांचा तडाखा नेमका पहाटेच्या मोहवेचणीवर बसतो, हे तिला विचारल्यावरच समजते. शब्दश्रवणाच्या चाचणीतही मराठी शब्दांची यादी माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला ऐकवली तर त्याच्या चुकांत कानाचा वाटा किती आणि परक्या भाषेचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

आताच का

महाराष्ट्रात या दिशेने एक भक्कम पाऊल आधीच पडले आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या कॉपकॉर्ड या कार्यक्रमांतर्गत घरोघरी सांधेदुखीची पाहणी केली आणि प्रौढांत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर व गडचिरोली यांची मिळून लोकसंख्या सुमारे ३३ लाख होती. भिगवणचे प्रमाण येथेही लागू आहे असे निव्वळ अंदाजापुरते धरले, तर रुग्णांची संख्या दहा हजारांच्या पुढे जाते. ते प्रमाण खरोखर लागू आहे का, हे तपासणे हेच संशोधनाचे काम आहे.

दुसरे कारण आजारांच्या बदलत्या चेहऱ्याचे. सर्चने ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास करून २०१५ मध्ये दाखवले की ग्रामीण गडचिरोलीत पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण बनले असून सातपैकी जवळजवळ एक मृत्यू त्यामुळे होतो. ज्या जिल्ह्याची ओळख संसर्ग व बालमृत्यू यांनी घडली, तिथे दीर्घकालीन आजारांचे ओझे त्यांच्या जोडीला येऊन बसले आहे. वाचलेल्या बालकांचे पुढचे आयुष्यही आता विचारात घ्यावे लागेल. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांना गावातच दिलेल्या उपचारात जेंटामायसिनचा समावेश होता. त्याने जीव वाचले हे निर्विवाद आहे. पण या गटातील औषध पाच दिवसांहून अधिक मिळालेल्या बाळांच्या श्रवणावर लक्ष ठेवावे असे जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि जीव वाचवण्याइतकेच हेही त्या यशाचे उत्तरदायित्व आहे.

तिसरे कारण संस्थांचे. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिकलसेलचे संशोधन केंद्र आहे, गावोगावी आशा आहेत, हेमलकशात १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. संशोधनाचे नियमही आता स्पष्ट आहेत. १९६४ चे हेलसिंकी घोषणापत्र, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक तत्त्वे, २००९ पासून सक्तीची झालेली चाचण्यांची राष्ट्रीय नोंदणी आणि २०१९ ची नवी औषधे व चिकित्सा चाचणी नियमावली यांनी रुग्णाच्या संमतीला व इजा झाल्यास भरपाईला कायद्याचे बळ दिले आहे. मात्र ही संमती रुग्णाला समजेल त्या भाषेत, ग्रामसभेला विश्वासात घेऊन आणि नकाराचा हक्क अबाधित ठेवून घेतली गेली, तरच तिला अर्थ आहे. आणि ज्यांच्या रक्तातून ज्ञान मिळाले त्यांना त्या ज्ञानाचा उपचार मिळाला, तरच ते संशोधन न्याय्य ठरते.

या ग्रंथाचा प्रयत्न

प्रस्तुत ग्रंथ तज्ज्ञांसाठीचे हस्तपुस्तक नाही आणि रुग्णांसाठीची उपचारपुस्तिकाही नाही. वैद्यकीय विद्यार्थी, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर, परिचारिका, आशा, विशेष शाळांतील शिक्षक, कामगार संघटनांचे कार्यकर्ते आणि विज्ञानात रस असलेला मराठी वाचक यांना संशोधनाची भाषा वाचता यावी, हा त्याचा हेतू आहे. पेशींचे विज्ञान व ध्वनीचे विज्ञान मुळापासून समजावणे, प्रत्येक तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देऊ शकत नाही हे दाखवणे, आणि जिल्हा पातळीवर आज काय करता येईल व काय मोठ्या केंद्रांकडे सोपवावे लागेल याची सीमा आखणे, अशा तीन दिशांनी ग्रंथाची मांडणी आहे. सूक्ष्म पेशीविश्लेषणासारखे महागडे तंत्र उद्याच प्रत्येक तालुक्यात यावे असा आग्रह त्यात नाही. सांधे तपासणारी सराईत बोटे, नादकाटा, ऑडिओमीटर, वेळेवर केलेली पाठवणी आणि नीट ठेवलेली नोंदवही यांतून पुष्कळ साधता येते, असा त्याचा विश्वास आहे.

प्रगत तंत्राचा द्वेष किंवा स्थानिकतेचा अभिनिवेश यांना या ग्रंथात थारा नाही. लंडन, नायमेखेन किंवा बॉस्टन येथे सापडलेले पेशींचे नियम भामरागडच्या माणसालाही लागू आहेत, कारण तो त्याच मानवजातीचा आहे. परंतु ते नियम त्याच्या बाबतीत कोणत्या आकड्यांनी व्यक्त होतात, हे त्याच्यापर्यंत गेल्याशिवाय कळणार नाही. ते आकडे गोळा करण्याचे काम बाहेरून येणाऱ्या संशोधकांवर सोडून देणे योग्य नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचे डॉक्टर, परिचारिका व विद्यार्थी यांनी आपल्या लोकांचे निरोगीपण स्वतः मोजावे, त्याची नोंद मराठीत, माडियात, गोंडीत समजावून सांगावी, आणि त्या मोजणीच्या आधारावर सांधा वाकण्याआधी व कान मिटण्याआधी उपचार पोहोचवावेत. हा ग्रंथ वाचून अशा मोजणीची पहिली वही एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उघडली गेली, तर त्याचे प्रयोजन सिद्ध होईल.